केस, गहू आणि आकडे : आरोग्यविषयक मजकुराची पाठचिकित्सा

कवितेतली एखादी ओळ चुकीची छापली गेली, तर पुढच्या अंकात शुद्धिपत्र देण्याची आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांची जुनी रीत आहे. कवीचे पत्र येते, संपादक दिलगिरी व्यक्त करतो, चूक दुरुस्त होते. मराठीत आज कवितेपेक्षा कितीतरी अधिक वाचला जाणारा एक मजकूर मात्र असा आहे की त्याला संपादक नाही, शुद्धिपत्र नाही आणि समीक्षकही नाही. तो म्हणजे मोबाइलवर येणारा आरोग्यविषयक मजकूर. मधुमेहावर मेथी, मुतखड्यावर कुळीथ, केसांवर कांदा, आणि जोडीला कुठल्याशा विद्यापीठात म्हणे सिद्ध झालेले काहीतरी. वाचणारा तो वाचून नुसता थांबत नाही. त्यावर विसंबून गोळी बंद करतो, पाणी बदलतो, शेजाऱ्याकडे जाणे टाळतो. इतका परिणाम करणारे लेखन समीक्षेच्या कक्षेबाहेर का राहावे, हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावत होता. जानेवारी २०२५ मध्ये आमच्या बुलढाणा जिल्ह्यात असे प्रकरण घडले की तो पुढे ढकलता येईना.

मी डॉक्टर नाही. रसायनशास्त्राशीही माझा संबंध शाळेपुरताच. या लेखात मी केसगळतीचे कारण सांगायला बसलेलो नाही. ज्याच्यापर्यंत माहिती पोचते आणि ज्याला तिच्यावर काही ठरवावे लागते, त्या सामान्य वाचकाच्या जागेवरून त्या काळात फिरलेला मजकूर मी पुन्हा वाचला. हा लेख त्या वाचनाचा आहे.

१. प्रकरण

शेगाव म्हटले की महाराष्ट्राला गजानन महाराजांचे मंदिर आठवते. त्याच तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा, कठोरा या आणि आसपासच्या गावांत डिसेंबर २०२४ पासून लोकांचे केस एकाएकी गळू लागले. आधी डोके खाजे, मग हात लावला तरी केस हातात येत, आणि चार-आठ दिवसांत टक्कल पडे. बायका, मुले, म्हातारे – कोणी सुटले नाही. जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बातमी राज्यभर पसरली. आरोग्य विभागाची पथके आली, पाण्याचे व त्वचेचे नमुने घेतले गेले. मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे तज्ज्ञ आले. रक्त, लघवी, केस, पाणी, धान्य सगळ्याचे नमुने गेले. पुढे प्रसिद्ध झालेल्या आकड्यानुसार ३ डिसेंबर २०२४ ते २० जानेवारी २०२५ या काळात १८ गावांतल्या २७९ जणांना हा त्रास झाला. अनेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा येऊ लागले. एप्रिलमध्ये दुसरी बातमी आली : यातल्याच काही गावांत लोकांची नखे पांढरी, ठिसूळ होऊन गळत होती. चार गावांतल्या २९ जणांची नोंद तेव्हा आरोग्य खात्याने सांगितली.

घटना एवढी. तिच्याभोवती जमलेला मजकूर याच्या हजारपट असेल. त्यातले चार नमुने मी इथे घेतो : एक शब्द, दोन आकडे आणि एक उपाय.

२. एक शब्द

पहिला नमुना ‘टक्कल व्हायरस’. कोणी घडवला माहीत नाही, पण बातमीबरोबरच तो जन्मला आणि दूरचित्रवाहिन्यांच्या पट्ट्यांवरून घरोघरी गेला. विषाणू सापडल्याचे त्या वेळी कोणत्याही तपासणीने सांगितले नव्हते. वैद्यकीय पथकांचा सुरुवातीचा संशय बुरशीवर होता, आणि बुरशी म्हणजे विषाणू नव्हे. पण ‘व्हायरस’ हा शब्द मराठीत २०२० नंतर एक वेगळेच ओझे घेऊन येतो. तो ऐकताच अंतर राखावेसे वाटते, नाक झाकावेसे वाटते. शब्दाने आपले काम चोख केले. या गावच्या माणसांना कटिंगच्या दुकानात नकार मिळाल्याच्या, जुळत आलेली लग्ने थांबल्याच्या बातम्या पुढे त्याच वाहिन्यांनी दाखवल्या. आपण दिलेल्या नावाचा हा परिणाम आहे, असे त्यात कोणी म्हटल्याचे माझ्या ऐकण्यात नाही.

‘बुरशी’ या शब्दाचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. मूळ विधान होते : प्राथमिक तपासणीत बुरशीजन्य संसर्गाचा संशय आहे. या वाक्यात तीन कुंपणे आहेत – ‘प्राथमिक’, ‘तपासणीत’, ‘संशय’. पुढे पाठवताना ती एकेक करून गळाली आणि शेवटी मोबाइलवर उरले ते ‘शेगावात बुरशीने टक्कल’. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. नकल करणारा अवघड शब्द सोडतो, सोपा ठेवतो. फरक इतकाच की पोथीची नकल व्हायला महिना लागे आणि येथे अंगठा लागतो.

३. ५४ कशाचे?

दुसरा नमुना पाण्याचा. गावातल्या पाण्याच्या तपासणीचे जे आकडे बातम्यांतून फिरले, त्यांत नायट्रेट ५४ निघाले, असायला हवे १०, असे वाक्य होते. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, म्हणजे टीडीएस, २१०० च्या आसपास आणि असायला हवे शंभराच्या आसपास, असे दुसरे. ‘पाणी विषारी’ असा निष्कर्ष लगेच निघाला. वाचणारा पहिल्या वाक्याचा हिशेब मनातच करतो : साडेपाच पट!

आता हा १० कुठला? नायट्रेट मोजण्याच्या दोन पद्धती आहेत. एकीत संपूर्ण नायट्रेट मोजतात, दुसरीत त्यातले केवळ नायट्रोजन. अमेरिकेची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे, पण ती नायट्रोजनची. तेच संपूर्ण नायट्रेटमध्ये मांडले तर सुमारे ४४ होते. भारतीय मानक ब्युरोची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा संपूर्ण नायट्रेटची आहे आणि ती ४५ आहे. जागतिक आरोग्य संघटनेची ५०. म्हणजे गावातले ५४ हे संपूर्ण नायट्रेट असेल तर ते भारतीय मर्यादेच्या सव्वापटीहूनही किंचित कमी भरते. आणि ते नायट्रोजन असेल तर संपूर्ण नायट्रेट सुमारे २४० होते, मर्यादेच्या पाचपटीहून अधिक. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बातमीत ५४ होते; कशाचे ५४, ते नव्हते.

टीडीएसचेही तसेच. भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आणि दुसरे पाणीच उपलब्ध नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावे अशी सवलत आहे. २१०० हे या सवलतीच्याही वर जाते, ते पाणी वाईटच. पण ‘शंभर असायला हवे’ हे मानकात कुठेच नाही. शिवाय मोठा प्रश्न वेगळा आहे. नायट्रेटचा सर्वमान्य धोका तान्ह्या बाळांना : रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि बाळ निळे पडते. आठवड्यात डोके भादरल्यासारखे होणे हे नायट्रेटचे ओळखीचे लक्षण नव्हे.

मग पाण्याचा निष्कर्ष इतका सहज का पटला? याचे उत्तर आमच्या भूगोलात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातला अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतून जाणारा खारपाण पट्टा. इथल्या विहिरी आणि हापशा पिढ्यान्‌पिढ्या खारे पाणी देतात. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या आजारांची आणि खाऱ्या पाण्याची चर्चा कित्येक वर्षे चालू आहे. लोकांची पाण्याविषयीची तक्रार खरी आहे, जुनी आहे आणि पुरेशी ऐकली गेलेली नाही. म्हणूनच पाण्यावर आलेला आळ कोणी तपासला नाही. आपल्या जुन्या रागाशी जुळणारी माहिती आपण विनापावती स्वीकारतो. मी स्वतः ती तशीच स्वीकारली होती. नायट्रेटच्या दोन पद्धतींचा शोध मला फेब्रुवारीत लागला. तोवर ‘५४ विरुद्ध १०’ मीही चार जणांना सांगून झाले होते.

४. सहाशे पट

तिसरा नमुना गव्हाचा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे नाव विंचूदंशावरील प्राझोसिनच्या उपचारामुळे जगभर माहीत आहे. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी या गावांत येऊन नमुने घेतले, ते ठाण्याच्या एका प्रयोगशाळेत तपासून घेतले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितले की कारण कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या गव्हातले सेलेनियम असावे. गहू पंजाबकडून आलेला. बातम्यांचे मथळे झाले : ‘गव्हात ६०० पट सेलेनियम’.

इथे मजकुराचा दर्जा आधीच्या दोन्ही नमुन्यांपेक्षा वरचा आहे, हे आधी नोंदवले पाहिजे. दावा करणाऱ्याचे नाव आहे, प्रयोगशाळा आहे, आकडे एककासह आहेत : न धुतलेल्या गव्हात किलोला १४.५२ मिलिग्रॅम, धुतलेल्यात १३.६१, आणि गव्हातले नेहमीचे प्रमाण ०.१ ते १.९. रुग्णांच्या रक्तात ३५ पट, लघवीत ६० पट, केसांत १५० पट वाढ. असे आकडे दिले की वाचकाला हिशेब करता येतो. तो मी केला.

१४.५२ ला १.९ ने भागले तर साडेसात पट येते. ०.१ ने भागले तर १४५ पट. सहाशे पट कुठून आले? ते स्थानिक गव्हाशी केलेल्या तुलनेतून. म्हणजे एकाच पोत्यातल्या गव्हाविषयी ‘साडेसात पट’, ‘दीडशे पट’ आणि ‘सहाशे पट’ ही तिन्ही वाक्ये खरी ठरू शकतात. भागाकार कशाने केला ते बदलते, इतकेच. मथळ्याने सर्वांत मोठा आकडा निवडला आणि तुलना कोणाशी हे गाळले. ‘पट’ हा शब्द मराठीत एकटा वापरणे बंद केले तर आरोग्यविषयक मजकुराचा निम्मा गोंधळ कमी होईल, असे मला वाटू लागले आहे.

पण मथळा फुगलेला आहे म्हणून दावा पोकळ ठरत नाही. हिशेब पुढे नेऊ. प्रौढ माणसाने दिवसाला सेलेनियम जास्तीत जास्त ४०० मायक्रोग्रॅमपर्यंत घ्यावे, अशी अमेरिकेची मर्यादा आहे. युरोपने २०२३ मध्ये ती २५५ केली. अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. त्यातला गहू केवळ २ किलो धरला तरी दिवसाला ६७ ग्रॅम होतो, आणि तेवढ्यात १४.५२ च्या हिशेबाने सुमारे ९७० मायक्रोग्रॅम सेलेनियम पोटात जाते. दिवसाला ३०० ग्रॅमच्या पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात ४३५० च्या आसपास. चीनच्या हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात गावेच्या गावे केस आणि नखे गमावून बसली होती. तिथे नंतर मोजलेले रोजचे सरासरी सेवन सुमारे ५००० मायक्रोग्रॅम होते. केस आणि नखे गळणे हे सेलेनियमच्या विषबाधेचे ठळक लक्षण मानले जाते ते तेव्हापासून. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागांतल्या काही जमिनींत सेलेनियम जास्त आहे, हेही तिथल्या कृषी संशोधकांना काही दशकांपासून ठाऊक आहे. आणि नख केसापेक्षा सावकाश वाढते, त्यामुळे डिसेंबरात केस आणि एप्रिलात नखे हा क्रमही या दाव्याशी विसंगत नाही.

माझ्यासारख्या माणसाला घरी बसून एवढे ताडता आले, कारण मूळ मजकुराने ताडण्याजोगे काही दिले होते. त्याच हिशेबाने शंकाही नीट मांडता येतात. तपासलेली पोती किती होती? सरकारी साठ्यात अनेक ठिकाणचा माल एकत्र येतो, तर तोच गहू मिळालेल्या बाकीच्या गावांत केस का गळले नाहीत? त्याच घरात तीच पोळी खाणाऱ्या सगळ्यांना त्रास झाला का? या प्रश्नांची उत्तरे दावा पक्का करतील किंवा मोडतील. डॉ. बावस्करांचा लौकिक मोठा आहे. पण त्यांच्या विधानाचा दर्जा मी लौकिकावरून ठरवत नाही. ते तपासता येते, खोडता येते, यावरून ठरवतो.

या आकड्यांतच एक फार उपयोगी गोष्ट होती, जी मथळ्यांत आली नाही. धुतल्यावर सेलेनियम १४.५२ वरून १३.६१ झाले, म्हणजे जेमतेम सहा टक्के घटले. ते दाण्याच्या आत असते, वरच्या धुळीत नाही. घरातल्या बाईला हवी असलेली माहिती ही होती : गहू तीनदा धुऊन वाळवण्याचे कष्ट घेऊन काही साधणार नाही, शंका असेल तर पीठच बदला. सहाशे पटीच्या गजरात हे वाक्य बुडाले.

५. एक उपाय

चौथा नमुना कुठल्याही एका प्रकरणाचा नाही. केस गळू लागले की कांद्याच्या रसाचा उपाय येतो आणि त्यासोबत ‘संशोधनाने सिद्ध’ हे शब्द येतात. शोधून पाहिले तर संशोधन खरोखर आहे. २००२ मध्ये बगदादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ते प्रसिद्ध केले. २३ जणांनी कांद्याचा रस लावला, १५ जणांनी नळाचे पाणी. रस लावणाऱ्यांत बहुतेकांचे केस आले. पण हे सगळे चाई पडलेले, म्हणजे डोक्यावर गोल चट्टे पडणाऱ्या विशिष्ट आजाराचे रुग्ण होते. तो आजार बऱ्याचदा आपोआपही बरा होतो. शिवाय आपल्याला कांदा लावलाय की पाणी, हे रुग्णाला कळू नये अशी सोय कांद्याच्या बाबतीत कशी करणार? ३८ माणसांच्या या छोट्या प्रयोगातून ‘कांद्याने केस येतात’ हे सार्वत्रिक वाक्य तयार झाले.

शेगावच्या गावांत तर उपायांना आणखी एक सोय होती. अनेकांचे केस काही आठवड्यांत आपोआप येत होते. अशा वेळी ज्याने जे लावले ते गुणकारी ठरते. तेल लावले त्याला तेल पावते, नवस केला त्याला नवस. खोटे कोणीच बोलत नसतो. प्रत्येकाचा अनुभव खरा असतो आणि निष्कर्ष चुकीचा. या ठिकाणी वाचकाला वाचवणारा प्रश्न एकच : काहीच केले नसते तर काय झाले असते?

टकलावर औषध विकणाऱ्यांसाठी कायदा आपल्याकडे आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ च्या ‘जे’ परिशिष्टात, जे बरे करण्याचा दावा औषधाने करू नये अशा विकारांची यादी आहे आणि तिच्यात टक्कल नावानिशी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने आरोग्यावर बोलणाऱ्या समाजमाध्यमी प्रभावकांसाठी नियम केले : पात्रता सांगा, पैसे घेतले असतील तर तेही सांगा. पण काकूंनी प्रेमाने पुढे पाठवलेल्या निरोपाला ना कलम लागते ना पात्रता. तो निरोप कायद्याच्या नव्हे, वाचकाच्या हद्दीत येतो.

६. परदेशी फूटपट्ट्या

वाचकाच्या हातात काही साधन असावे हा विचार इतरत्र पावशतकापूर्वीच झाला. एप्रिल १९९७ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकाने इंटरनेटवरील वैद्यकीय मजकुरासाठी चार कसोट्या सुचवल्या : लेखक कोण, आधार कोणता, पैसा कोणाचा, तारीख कोणती. जिनिव्हाच्या हेल्थ ऑन द नेट या संस्थेने १९९६ मध्ये आठ तत्त्वांची संहिता केली. ती पाळणाऱ्या संकेतस्थळाला तिचे चिन्ह मिळे. ही संस्थाच २०२२ च्या अखेरीस बंद झाली. ऑक्सफर्डमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘डिसर्न’ नावाची सोळा प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. उपचारांविषयीच्या मजकुराला प्रत्येक प्रश्नावर एक ते पाच गुण द्यायचे. तिच्यातले दोन प्रश्न मला फार मोलाचे वाटतात : अनिश्चितता कुठे आहे ते मजकूर सांगतो का? आणि उपचार केलाच नाही तर काय होईल ते सांगतो का? आपले ‘प्राथमिक’, ‘संशय’ हे गळालेले शब्द आणि कांद्याचा रस या दोन प्रश्नांत अचूक सापडतात.

तरीही या फूटपट्ट्या शेगावात पुऱ्या पडत नाहीत. त्या गृहीत धरतात की माहिती म्हणजे एक पान. त्याला लेखक, तारीख, मालक असणार. आमच्याकडे माहिती सुट्या वाक्याच्या रूपात येते. तिला लेखक नसतो, तारीख नसते, असतो तो पाठवणारा. आणि वाचक विश्वास ठेवतो तो पाठवणाऱ्यावर. लेखक कोण, या प्रश्नाला ‘आमचे भाऊजी’ हे उत्तर असेल तर पुढचे पंधरा प्रश्न विचारायची कोणाची छाती होणार?

दुसरी उणीव अधिक खोल आहे. या कसोट्या लिहिलेल्या मजकुराला गुण देतात; न लिहिलेल्याला देऊ शकत नाहीत. शेगावच्या प्रकरणात अफवांना जागा मिळाली ती त्या हुशार होत्या म्हणून नव्हे. ज्यांनी बोलायचे ते बोलले नाहीत म्हणून जागा रिकामी होती. जानेवारीत नमुने गेले. एप्रिलमध्ये नखे गळू लागल्याच्या बातम्या आल्या, तेव्हाही आयसीएमआरचा संपूर्ण अहवाल लोकांपुढे आलेला नव्हता. ज्यांनी आपले रक्त दिले ते वर्तमानपत्रातून अंदाज वाचत होते. केंद्रात आरोग्य राज्यमंत्रिपद याच जिल्ह्याच्या खासदारांकडे असताना हे घडले, हे लक्षात घेतले म्हणजे अंतर किलोमीटरचे नव्हते हे कळते.

याच जिल्ह्यात उलट उदाहरणही आहे. जून २०२० मध्ये लोणार सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले. शकुन-अपशकुनापासून प्रदूषणापर्यंत तर्क सुरू झाले. वनविभागाने नमुने नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले. जुलैमध्ये आघारकर संस्थेने सांगितले : खारटपणा वाढल्याने हॅलोआर्किया हे क्षारप्रिय सूक्ष्मजीव वाढले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी झाले. कोणी तपासले, काय सापडले, का घडले, हे सारे काही आठवड्यांत कळले आणि अफवा विझल्या. तळ्याच्या वाट्याला जे आले ते माणसांच्या वाट्याला यायला हरकत नव्हती. तळ्याचा रंग सांगणे सोपे आणि रेशनच्या गव्हाविषयी बोलणे अवघड, हे मला समजते. पण अवघड आहे एवढेही कोणी लोकांना सांगितले नाही.

७. आपल्या घरातली पद्धत

मजकुराची खातरजमा करण्याची पद्धत आपल्याला बाहेरून आणायची गरज नाही. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, तेराव्या शतकातले ‘लीळाचरित्र’, अशाच कामातून उभा राहिला. चक्रधरांच्या आठवणी म्हाइंभटांनी ज्याच्या त्याच्याकडे जाऊन विचारल्या, पडताळल्या. एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी निघाल्या तर दुसरी ‘वासना’ म्हणून वेगळी नोंदवण्याची रीत त्या परंपरेत आहे. मूळ पोथी धामधुमीत गेल्यावर शिष्यांनी स्मरणाने ती पुन्हा सिद्ध केली, तेव्हा कोणता पाठ कोणाचा हे लक्षात ठेवले. हिराइसेचा पाठ आजही हिराइसेच्या नावाने ओळखला जातो. या ग्रंथाचे साक्षेपी संपादन करणारे वि. भि. कोलते आमच्याच मलकापूर तालुक्यातल्या नरवेलचे. सातशे वर्षांपूर्वी आठवणीचा मालक कोण याची इतकी चाड बाळगणाऱ्या भाषेत ‘एका डॉक्टरांनी सांगितले आहे’ एवढ्यावर आज औषध बदलले जाते.

त्या पद्धतीतून, डिसर्नमधून आणि शेगावच्या अनुभवातून मी स्वतःपुरते पाच प्रश्न केले आहेत. हे वाक्य पहिल्यांदा कोणी, कशावरून म्हटले? आकडा असेल तर तो कशाचा, कशात मोजलेला आणि कोणाशी तुलना केलेला? ‘बहुधा’, ‘संशय’, ‘प्राथमिक’ असे शब्द मूळ विधानात होते का आणि ते कुठे गळाले? काहीच केले नसते तर काय झाले असते? चार प्रश्न एवढे. पाचवा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : सांगणारा परत आला का?

माहिती सुरुवातीला चुकणारच. साथीच्या पहिल्या आठवड्यात बुरशीचा संशय घेणे हा दोष नव्हे, पाण्याकडे बोट दाखवणे हाही नव्हे. दर्जा दिसतो तो नंतर. ज्याने बुरशी म्हटले त्याने, बुरशी होती की नव्हती, हे त्याच लोकांना येऊन सांगितले का? ज्या वाहिनीने ‘व्हायरस’ म्हटले तिने तितक्याच मोठ्या अक्षरात तो शब्द मागे घेतला का? सेलेनियमचा दावा पुढच्या तपासणीत टिकला किंवा पडला, तर तेही तसेच सांगितले जाईल का? पहिल्या विधानावरून कोणाला हुशार म्हणावे आणि कोणाला मूर्ख, हा खेळ निरर्थक आहे. परत येणारा स्रोत चांगला, न येणारा वाईट. तो सरकारी असो, पद्मश्रीचा असो, वाहिनीचा असो की भाऊजींचा.

हा प्रश्न आपण स्वतःलाही लावला पाहिजे. ‘५४ विरुद्ध १०’ ज्या चार जणांना मी सांगितले होते, त्यांना हिशेब कळल्यावर मी पुन्हा फोन केले. दोघांना ते आठवतही नव्हते. तिसरे म्हणाले, ते मी पुढे बऱ्याच जणांना सांगितले. पुढच्या बऱ्याच जणांपर्यंत मला जाता आले नाही.

या गावांसाठी मागणी साधी आहे आणि ती आजही करता येते. ज्याने रक्ताचा, केसाचा नमुना दिला त्याला त्याचा आकडा, एककासह आणि नेहमीचे प्रमाण शेजारी लिहून, मराठीत कागदावर मिळावा. गव्हाच्या आणि पाण्याच्या तपासणीचा निकाल, कोणत्या पोत्याचा, कोणत्या हापशीचा, ते नमूद करून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. कारण ठरले नसेल तर ‘अजून ठरले नाही’ असे तारखेसह लिहावे, आणि पुढे ठरेल तेव्हा तो कागद बदलावा. एवढे झाले तर आशाताईला घरोघरी जाऊन वाचून दाखवायला काहीतरी हातात असेल. तोवर बोंडगावच्या मुलीला बघायला येणारे पाहुणे मोबाइलवर जे सापडेल तेच वाचून येणार आहेत, आणि त्यात पहिला शब्द अजूनही ‘व्हायरस’ हाच आहे.